खिडकीतला उजेड आणि कडक भाकरी

कडक भाकरी, शेंगाची चटणी, शेंगापोळी, धपाटे, हुग्गी म्हणजे गव्हाची खीर. सोलापूरच्या घरात कौतुकानं रांधलेलं बहुतेक सगळं एकतर तपकिरी असतं, नाहीतर पांढुरकं. नुसत्या रंगानं फोटोत उठून दिसेल असं त्यात फार नाही. पण भाकरी हातात घ्या: तिच्यावरचे बारीक फोड, कडेचा करपट ठिपका, मोडताना सुटणारा पापुद्रा. चटणी चमच्यावर घ्या: कुटलेल्या शेंगदाण्याचा जाडसर कण आणि त्यातून सुटलेलं तेल. आपल्या पदार्थांचं रूप त्यांच्या पोतात आहे, आणि फोटोत पोत दिसायचा तर उजेड बाजूनं यायला लागतो. घरच्या घरी फोटो काढायला शिकताना मला जे काही उमगलं, ते सगळं फिरून फिरून या एका गोष्टीपाशी येतं.

आमच्या घरून कडक भाकरी आणि चटणी विकायला जाते. करणाऱ्या सासूबाई, मी पिशव्या भरते, हिशेब बघते. आधी गिऱ्हाईक ओळखीतलं असायचं. मग पुण्या-मुंबईकडच्या सोलापूरकरांचे फोन यायला लागले आणि पहिला प्रश्न ठरलेला: "फोटो पाठवता का?" घरात कॅमेरा नाही, फोन आहे, तोही साधा. त्यामुळे शिकायचं ते फोनवरच शिकायचं, असं ठरवूनच सुरुवात केली.

सगळ्यात आधी एकच भाकरी घेतली आणि घरभर फिरवली. स्वयंपाकघरात ट्यूबखाली ठेवून फोटो काढला. तिथंच फ्लॅश मारून काढला. अंगणात भर उन्हात काढला. आणि माजघराच्या उत्तरेकडच्या खिडकीशेजारी, पाटावर ठेवून काढला. भाकरी तीच, फोन तोच, ताट तेच. मग चारही फोटो एकाखाली एक लावून बघत बसले.

ट्यूबखालची भाकरी करड्या पुठ्ठ्यासारखी दिसत होती. उजेड वरून सरळ खाली पडतो, त्यामुळे फोडांच्या सावल्या फोडांखालीच दडतात. फ्लॅशमध्ये तर पापुद्रा पुसूनच गेला. कारण साधं आहे: फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारी असतो, तिथून निघालेला उजेड जी सावली पाडतो ती वस्तूच्या पाठीमागे जाते आणि भिंगाला दिसतच नाही. सावली नाही म्हणजे उंचसखलपणा नाही. उन्हातला फोटो याच्या उलट: पोत होता, पण अर्धी भाकरी पांढरीफटक आणि सावली कोळशासारखी. खिडकीजवळच्या फोटोत मात्र प्रत्येक फोडाच्या एका बाजूला उजेड आणि दुसऱ्या बाजूला हलकी सावली होती. कडेला भाकरी जिथं किंचित उचलली गेली होती, तिथं तिची जाडी कळत होती. कडक भाकरीचं सगळं कसब त्या पातळपणातच असतं. तो फोटो बघून मी सासूबाईंना हाक मारली. त्या पीठ मळता मळता आल्या आणि खिडकीकडे बघून म्हणाल्या, "अगं, उन्हात काय ठेवलालीस भाकरी? वाकडी होईल की."

"ऊन नाही आई, नुसता उजेड आहे. हा फोटो बघा आधी."

त्यांनी फोन हातात घेतला, जवळ नेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "ही मंद आचेवर शेकलेली कळते बघ." माझी परीक्षा तेव्हापासून हीच आहे. फोटो बघून करणारीला आच कळली पाहिजे.

आता त्या खिडकीविषयी. उत्तरेकडच्या खिडकीतून थेट ऊन येत नाही, म्हणून फोटोला ती बरी, असं सगळेच सांगतात. सोलापुरात ते वर्षभर खरं नसतं. आपलं शहर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत इथं मध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो. आणि उन्हाळाभर तो उगवतो-मावळतो तेही पूर्व-पश्चिमेच्या उत्तरेला सरकून, म्हणजे सकाळ-संध्याकाळची तिरीप उत्तरेच्या खिडकीतून आत येते. डिसेंबर-जानेवारीत ही खिडकी दिवसभर शांत असते. मे महिन्यात सकाळी लवकर तिच्यात पाटावर उन्हाचा पट्टा पडलेला असतो. हे बघून मी वेळ ठरवते. थंडीत कधीही, उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर आणि ऊन कडक व्हायच्या आत. बारानंतर आमच्याकडे खिडक्या लावूनच घेतात. पारा चाळिशीपार गेलेला असताना फोटोसाठी उघड्या ठेवा म्हणायची सोय नाही, आणि त्या तापात कोथिंबीरही चार मिनिटांत मान टाकते.

पट्टा पडतोच असेल तर त्याला गाळून घ्यायचं. खिडकीच्या गजांना पांढरा सुती पंचा बांधला की झालं. पातळ विणीचा पंचा उन्हानं उजळतो आणि अख्खी खिडकीच दिवा होते. उजेडाचा उगम जेवढा मोठा आणि पदार्थाच्या जवळ, तेवढी सावलीची कड मऊ. आकाशातला सूर्य आपल्याला टिकलीएवढा दिसतो म्हणून त्याची सावली धारदार पडते. सोलापुरात पंचा-टॉवेलला तोटा नाही. मात्र कापड पांढरंच हवं. फिकट पिवळं कापड बांधलं तर भात पिवळा येतो.

रंग चोरपावलांनी येतो तो असाच. आमच्या माजघराच्या भिंती पोपटी. डोळ्याला त्याची सवय झालेली, पण फोटोत भाकरीच्या सावलीकडच्या बाजूला हिरवट झाक यायची आणि कळायचं नाही कुठून. एकदा भिंतीकडच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा केला आणि झाक नाहीशी झाली. भिंतीवर आपटून परतणारा उजेड भिंतीचा रंग घेऊन येतो. अंगावरच्या कपड्याचंही तेच. ताटावर वाकून फोटो काढताना लाल साडी असेल तर दहीभातावर तांबूस छटा पडते. फोटोच्या दिवशी मी पांढरी ओढणी पुढं घेते.

त्या थर्माकोलचं दुसरं काम जास्त मोठं आहे. खिडकी डावीकडे असेल तर तो उजवीकडे उभा करायचा; खिडकीचा उजेड त्यावरून परतून सावलीत जातो आणि काळोखी बाजू उघडते. जवळ आणला की सावली फिकी, लांब नेला की गडद. किती जवळ ठेवायचा ते पदार्थ ठरवतो. हुग्गीला जवळ, कारण तिचा ओलसर, गुळमट मऊपणा दिसायला हवा. कडक भाकरीला लांब. आणि चटणीला थर्माकोल काढूनच टाकायचा, त्या जागी घोंगडी उभी करायची.

घोंगडीविषयी थोडं जास्त लिहिते, कारण ती मला घरातच सापडली आणि विकत घेतलेल्या कुठल्याही वस्तूपेक्षा जास्त उपयोगी पडली. काळ्या मेंढीच्या लोकरीची जाडी-भरडी घोंगडी उजेड पिऊन टाकते. जराही चमकत नाही. चटणीच्या वाटीच्या एका अंगाला खिडकी आणि दुसऱ्या अंगाला घोंगडी ठेवली की परतणारा उजेड बंद होतो, सावल्या गडद होतात आणि चटणीचा कण न् कण सुटा दिसतो. खाली अंथरली तर तिच्यावर पांढरीशुभ्र भाकरी अशी काही उठते की दुसरी सजावट लागत नाही. सोलापुरी चादर अंथरून बघण्याचा मोह कुणालाही होईल, मलाही झाला. तिला भौगोलिक मानांकन आहे, ती आपली ओळख आहे. पण तिची नक्षी इतकी ठसठशीत असते की नजर आधी चादरीवर जाते. ती घडी करून मागे, धूसर दिसेल इतकी लांब ठेवली तर ठीक. पदार्थाखाली घोंगडी, काठवट, पाटा, लोखंडी तवा, नाहीतर जुना लाकडी पाट. या सगळ्या वस्तू चमकत नाहीत आणि त्या पदार्थाशी त्यांचं नातं आहे.

चमकण्याचा विषय निघाला म्हणजे स्टील आलंच. आपल्या घरात ताट-वाटी-पेला सगळं स्टीलचं, आणि स्टील म्हणजे आरसा. वाटीच्या पोटात खिडकी, फोन, फोन धरलेला हात, वरचा पंखा, सगळं दिसतं. फोटोग्राफीच्या दुकानात पोलरायझर नावाचा फिल्टर मिळतो. तो पाण्यावरची, काचेवरची, पानांवरची चमक खाली आणतो, पण उघड्या धातूवर त्याची मात्रा चालत नाही. तेव्हा इलाज एकच: वाटीला काय दिसतंय ते बघायचं. वाटीच्या ज्या भागात नको ते दिसतंय, त्या भागासमोर पांढरा पुठ्ठा धरायचा. वाटीला पांढरा पुठ्ठा दिसला की ती पांढरी-चंदेरी दिसते. अगदी कडेला काळ्या कागदाची पट्टी दिसली की तिचा काठ रेखीव होतो. एका रविवारी मी सकाळभर एका वाटीशी बसले. पुठ्ठा बोटभर वर घेतला की पंखा गायब, बोटभर खाली आणला की परत हजर. त्या बोटभर अंतरात फोटो होता. लोक म्हणतात स्टील सोडून द्या, मातीची भांडी आणा, केळीचं पान मांडा. मला ते पटत नाही. आपण ज्या ताटात जेवतो त्याच ताटात आपलं जेवण चांगलं दिसलं पाहिजे. जुनी, वापरून घासून धूसर झालेली ताटं मात्र हाताशी ठेवा. त्यांच्यावर इतक्या बारीक रेघा असतात की प्रतिबिंब आपोआप विरघळतं. नव्या कोऱ्या ताटापेक्षा फोटोला तीच चांगली.

चटणीचा फोटो मला सगळ्यात जास्त आवडतो आणि सगळ्यात जास्त वेळ घेतो. सासूबाई भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ घेऊन खलबत्त्यात कुटतात. मिक्सरमध्ये दाणा एकसारखा बारीक होतो. कुटल्यावर काही कण जाड राहतात, काहींचा लगदा होतो आणि तेल सुटून सगळं एकमेकाला धरतं. हा फरक गिऱ्हाइकाला फोटोत दिसलाच पाहिजे, कारण पैसे तो त्या कुटण्याचे देतो. म्हणून वाटीत दाबून भरत नाही. खलातून काढलेला गोळा बोटांनी मोडून ठेवते, मोडलेली बाजू खिडकीकडे तिरपी. कॅमेरा बराच खाली आणते, जवळपास वाटीच्या काठाला डोळा लावल्यासारखा. उजेड बाजूनं आणि किंचित मागून. मागून आलेला उजेड तेलावर आपटून सरळ भिंगात येतो, म्हणून तेलाचे ठिपके लकाकतात. समोरून आलेल्या उजेडात तेच ठिपके दिसतसुद्धा नाहीत.

फोटो चकचकीत दिसावा म्हणून वरून तेल ओतणारे आहेत. जाहिरातींच्या फोटोंत दुधाऐवजी गोंद, मधाऐवजी इंजिन ऑइल वापरण्याचे प्रकारही चालत आलेले आहेत. आमच्या फोटोत तसलं काही येत नाही. फोटोतली चटणी तीच, जी पिशवीत जाते. ताटात मांडलेलं आम्ही त्याच दिवशी जेवतो.

फोनचं सांगते ते थोडक्यात. भिंग पुसा, भाकरी थापणाऱ्या घरात त्यावर पीठ असतंच. खाद्यपदार्थांचा म्हणून जो खास मोड असतो तो बंद ठेवा, तो तिखटाचा लाल इतका भडक करतो की गिऱ्हाईक चटणी झणझणीत समजून बसतं. पोर्ट्रेट मोडही नको. तो कडा हिशेबानं ओळखून मागचं धूसर करतो आणि भाकरीची फाटकी कड अर्धी पुसून टाकतो. बहुतेक फोनचं मुख्य भिंग साधारण २४ ते २८ मिलिमीटरच्या तोडीचं, म्हणजे रुंद असतं. फार जवळ गेलं की ताटाची जवळची कड फुगते आणि गोल ताट लांबट होतं. दोन पावलं मागं या आणि २एक्स लावा. पडद्यावर पदार्थाला बोट लावून दाबून धरलं की फोकस आणि उजेड दोन्ही तिथं बांधले जातात. मग बोट वर-खाली सरकवून उजेड कमी-जास्त करता येतो. हे सरकवणं फार महत्त्वाचं आहे. समोर काहीही असो, कॅमेरा त्याला मधल्या करड्यावर आणायला बघतो. म्हणून दहीभात मळकट येतो, तिथं उजेड वाढवायचा. आणि काळ्या घोंगडीवरची भाकरी पांढरीफटक होते, तिथं कमी करायचा.

कुठून बघायचं हेही पदार्थावर आहे. पसरलेलं असेल तर बरोबर वरून: भाकरी, चटणी, कांदा, दही असं मांडलेलं ताट. उंची असेल तर बाजूनं: भाकऱ्यांची चळत, शेंगापोळ्यांची चवड. वाटीतली आमटी, हुग्गी, बेसन यांना आपण जेवायला बसलो की डोळा जिथं असतो तिथून. मी आता फोन उचलायच्या आधी पदार्थासमोर मांडी घालून बसते.

गरम भाकरीचा फोटो वेगळाच प्रकार. तव्यावरची भाकरी विस्तवावर टाकली की ती टम्म फुगते आणि लगेच वाफ सोडून बसते. तेवढ्या वेळात काही शोधत बसायला जागा नाही. म्हणून आधी शिळी भाकरी तिथं ठेवून सगळं बसवून घ्यायचं: कोन, फोकस, उजेड, मागची घोंगडी. मग सासूबाईंना सांगायचं, "आई, आता टाका," आणि बटण दाबून धरून लागोपाठ फोटो घेत राहायचे. वाफ दिसायला दोन गोष्टी लागतात, मागून उजेड आणि मागं काळोख. पांढऱ्या भिंतीसमोर वाफ असूनही नसल्यासारखी. शिवाय हवा गार असेल तरच ती दाट दिसते, म्हणून असले फोटो मी थंडीच्या सकाळी काढून ठेवते. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते, बाहेरगावचे लोक सोलापूरला येतात, शेंगापोळीची आणि तीळ लावलेल्या भाकरीची मागणी वाढते. त्याच सुमाराला हवाही गार आणि खिडकीही दिवसभर शांत. वर्षभराचे चांगले फोटो त्या दिवसांतच होतात.

खिडकीबाहेरचं एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझं माहेर अक्कलकोटकडचं. वेळ अमावास्येला सगळे शेतात जातात, कडब्याची कोप करून तिच्यात पूजा मांडतात. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील असा बेत. दुपारी शेतात ऊन मोकळं असतं, आणि भज्जी म्हणजे शेंगा, दाणे, पालेभाज्या एकत्र शिजवलेलं हिरवट-तपकिरी गरगट. उन्हात तिचा फोटो कुणाचाच चांगला येत नाही. मी भज्जीची वाटी कोपीच्या तोंडाशी, सावलीच्या आत हातभर ठेवली. मागून आणि वरून कडबा, उजेड फक्त तोंडाकडून. खिडकीचंच काम कोपीनं केलं. भज्जीतला पावट्याचा दाणा वेगळा, तुरीचा वेगळा, वर फोडणीचा लसूण, आणि मागे कडब्याचा सोनेरी धूसर पट्टा. भाऊ म्हणाला, "ताई, हे आपल्या डेकचीतलंच काय?" त्याच डेकचीतलं होतं. घरात चांगली खिडकी नसणाऱ्यांनी दाराचा उंबरठा, जिन्याखालची जागा, पत्र्याच्या शेडची कड अशा जागा शोधाव्यात. एका बाजूनं उघडं आणि तीन बाजूंनी बंद, एवढंच बघायचं.

आंबील, दहीभात, ताक यांच्याशी माझं अजून जमत चाललंय. पांढऱ्यावर पोतच नसतो, मग उजेडानं कशाला पकडायचं? सध्या मी काठाशी काम करते. आंबील पेल्यात ओतताना काठाला जी जाड धार धरते, तिच्यावर फोकस. दहीभात चमच्यानं उकरून ठेवला की शितं दिसतात. वरची मिरचीची फोडणी अगदी शेवटी, फोटोच्या क्षणी, नाहीतर तिचं तेल पसरून भात पिवळट होतो.

फोटोवर नंतर फार काही करत नाही. तिरकं असेल तर सरळ, काठ कापायचे असतील तर कापते, पांढरा रंग पांढरा दिसतोय ना ते बघते. प्रत्येक बैठकीत पहिला फोटो पांढऱ्या कागदाचा तुकडा ताटात ठेवून काढलेला असतो. त्यावरून बाकीच्यांचे रंग जुळवता येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि पापुद्र्याचं बारीक काम आधी जातं, म्हणून गिऱ्हाइकाला एचडी पर्याय लावून किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवते. आणि भाकरीच्या एका तरी फोटोत सासूबाईंचा हात असतो. "केवढी आहे हो भाकरी?" हा प्रश्न त्यामुळे थांबला.

राहता राहिली संध्याकाळ. दिवाळीच्या आधी दिवसभर कुटणं-भाजणं चालतं आणि फोटोला हात लागतो तो दिवेलागणीनंतर. तेव्हा ट्यूब आणि पिवळा बल्ब दोन्ही बंद करते, कारण दोन रंगांचे उजेड एकत्र आले की फोनला एकही रंग धड जुळवता येत नाही. एकच एलईडी दिवा लावते. खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० किंवा जास्त लिहिलेला बघून घेतला. साध्या दिव्यांत हा आकडा बहुधा ८० च्या आसपास असतो आणि त्यांच्या उजेडात गडद लाल कमी पडतो, म्हणून चटणी मातकट दिसते. दिवा खिडकीच्याच बाजूला, पदार्थापासून हातभर, मध्ये तोच पंचा, दुपदरी केलेला. पलीकडे घोंगडी. बाकी सगळं दिवसासारखंच.